चौकशीचे चार फोन

अकरा वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांनी श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं उभं राहायचं होतं, म्हणून अकरा पाचलाच रेल्वेच्या चौकशी कक्षातल्या चारही फोनचे रिसीव्हर काढून टेबलावर आडवे ठेवले गेले. शांततेत घंटा वाजू नये, असं साहेबांच्या परिपत्रकात होतं. परिपत्रक दरवर्षीचंच, फक्त वर्षाचा आकडा बदलायचा.

चौकशीताईंनी आपला रिसीव्हर उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"ताई, निवृत्तीला तीन महिने उरलेत," शेजारचा तिकीटबाबू कुजबुजला. "कशाला उगाच साहेबांच्या डोळ्यावर येताय?"

"येऊ दे की. एवढ्या वर्षांत कुठल्या साहेबानं माझ्याकडे बघितलंय!"

अकरा दहा झाले. साहेबांनी मान खाली घातली. फार नाही, फोटोत चेहरा येईल इतपतच. तिकीटबाबूने मनगटावरचं घड्याळ दिसेल अशा बेताने हात बांधले. सर्वांत दुःखी चेहरा हेडक्लार्कचा होता. त्यांची कालपासून दाढ ठणकत होती.

ताई आडव्या रिसीव्हरांकडे बघत होत्या. अठरा वर्षांपूर्वी याच वेळी ते असेच पडले होते. ताई चहात बिस्कीट बुडवत होत्या आणि बातमी आली: एक्स्प्रेस पुलावरून नदीत गेली. पाठोपाठ हुकूम आला, वरून यादी येईपर्यंत कोणाशी एक अक्षर बोलायचं नाही. फोन वाजायचे थांबेनात, तसं तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं, उचला आणि बाजूला ठेवा. बाजूला ठेवलेल्या रिसीव्हरांतून बारीक आवाज येत राहिले. हॅलो. हॅलो. अहो, कुणी आहे का तिथं? ताईंच्या फोनवरची बाई तर एकटीच सांगत राहिली: सात नंबरचा डबा, खिडकीजवळची जागा, गळ्यात निळा मफलर. यादी यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ताईंकडून तो हुकूम मोडायचा राहून गेला.

फोन वाजला.

साहेबांनी मान न हलवता डोळे तेवढे वर केले. तिकीटबाबूने डोळे गच्च मिटले. उद्या कुणी विचारलंच तर आपण काही पाहिलं नव्हतं. ताई सरळ खाली बसल्या.

"चौकशी. बोला."

पलीकडे एक म्हातारा होता. मुलगी येतेय. गाडी कुठवर आली?

ताईंनी तक्त्यावरून बोट फिरवलं. "वीस मिनिटं उशीर आहे, काका. पण पूल ओलांडलाय तिनं. तीन नंबरवर येईल. सावकाश या, धावपळ करू नका." आवाज नेहमीसारखाच, खणखणीत.

रिसीव्हर ठेवेपर्यंत साहेब टेबलाशी येऊन उभे होते. "बाई, दोन मिनिटं गप्प राहता येत नाही तुम्हाला?"

"येतं की. मागे चाळीस मिनिटं राहिले होते."

"लेखी खुलासा द्यावा लागेल."

"देते. आधी हे ठेवू द्या."

ताई उठल्या आणि उरलेले तीन रिसीव्हर एकेक करून जागेवर ठेवत गेल्या. तिसऱ्यावरून हात काढायच्या आत पहिला वाजू लागला. कुणी हललं नाही.

"घ्या साहेब," ताई म्हणाल्या, "तुमच्याच हाताशी आहे."