काकूंकडची ठेव

"काकू, माझा डबा काढा. सगळे पैसे पाहिजेत," रंगारी म्हणाला.

भर दुपारची वेळ. रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि काकू पंख्याखाली डोळे मिटायच्या बेतात होत्या. त्या ताडकन सरळ बसल्या.

दुकानाच्या आतल्या खोलीत, वाळून गेलेल्या प्रायमरच्या मागे, रंगाचे काही रिकामे डबे होते. कामावरून परतताना दोन-चार रंगारी आणि एक प्लंबर आपली शिल्लक त्यांत ठेवून जात. बाकीच्यांनी पैसे मागितले की काकू मुकाट्याने काढून देत. या रंगाऱ्याची मात्र अट होती. प्यायलेला असलो तर एक पैसा द्यायचा नाही. कितीही रडलो, पाया पडलो तरी नाही.

त्याचं बँकेत खातं होतं एके काळी, कार्डही होतं. रात्री तो गुत्त्यावरून उठायचा, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मशीनमधून पैसे काढायचा आणि पुन्हा जाऊन बसायचा. एक अख्खा हंगाम असा घशाखाली गेला, तेव्हा त्याने खातंच बंद करून टाकलं. "मशीनला नाक नसतं काकू," तो म्हणाला होता. "तुम्हाला आहे."

पण पैसे ठेवले म्हणून मागायचं थोडंच सुटतं? आजवर त्याने घराचं छप्पर गळवलं होतं, घरमालकाला दारात उभं केलं होतं आणि एका मित्राला मारून टाकलं होतं. तो मित्र दुसऱ्या दिवशी टर्पेंटाइन न्यायला आला, तेव्हा काकूंनीच त्याला बसवून पाणी पाजलं.

काल संध्याकाळी बहीण आजारी पडली होती. रंगारी काउंटर धरून कसाबसा उभा होता, शब्द एकमेकांत अडकत होते. काकूंनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि म्हणाल्या, "उद्या ये."

आज तो आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला होता.

"इकडे वाक. तोंड उघड."

तो लहान पोरासारखा काउंटरवर वाकला. दंतमंजनाचा वास आला. काकूंना ते जास्तच संशयाचं वाटलं.

"काय झालंय बहिणीला?"

"आतड्याला पीळ पडलाय. आजच्या आज ऑपरेशन करायचं म्हणतात. आधी पैसे भरा म्हणतात."

"फोन लाव तिला."

"तिचा फोन माझ्याकडेच आहे." त्याने खिशातून गुलाबी कव्हरचा फोन काढून दाखवला. तो काय, कुणाचाही असू शकत होता.

"मी येते बरोबर," काकू म्हणाल्या. आता हा डोकं खाजवेल, याला काहीतरी आठवेल, अशी त्यांची अटकळ होती.

"या," तो म्हणाला. "पण लवकर चला."

काकू लगबगीने आतल्या खोलीत गेल्या.

स्क्रूड्रायव्हरने डब्याचं झाकण उचकटून त्यांनी नोटांची पुरचुंडी काढली. ती त्याच्या हातात न देता आपल्या पर्समध्ये घातली आणि दुकानाला कुलूप लावलं. बसमध्ये त्या पर्स छातीशी धरून बसल्या. शेजारची जागा रिकामी होती, तरी रंगारी दाराशीच उभा राहिला.

दवाखान्यातल्या कॅशियरने नोटा हातात घेतल्या आणि नाक मुरडलं. "रॉकेलचा वास येतोय यांना."

"टर्पेंटाइनचा आहे," काकू म्हणाल्या. "पावती करा."

"अहो, पण काल संध्याकाळीच भरायला सांगितलं होतं ना? पेशंट रात्रभर तळमळतेय. कुठे होतात?"

काकूंनी रंगाऱ्याकडे पाहिलं. तो नखातला पांढरा रंग कोरत होता.

"माझ्याकडूनच उशीर झाला," तो म्हणाला.

बहिणीला आत नेलं. काकू खरं तर पावती होताच निघणार होत्या. पण त्या बाकावर बसल्या त्या बसल्याच. दुकान बंदच राहिलं.

"काल का प्यायलास रे?"

"घाबरलो होतो."

काकूंनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "मी दिले असते तर?"

त्याने खरंच विचार केला. "काल दिले असते काकू, तर ते इथपर्यंत पोचलेच नसते."

बाहेर उन्हं उतरली, तेव्हा डॉक्टर आले. आतड्याचा थोडा भाग काढून टाकावा लागला म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. पण आता धोका नाही. रंगारी तिथेच भिंतीशी जमिनीवर बसला. काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केसांतही रंग होता.

थोड्या वेळाने त्यांना आत सोडलं. बहिणीला अजून पुरती शुद्ध नव्हती. ओठ कोरडे पडले होते, डोळे मध्येच उघडत, मध्येच मिटत होते.

"ताई, बघ कोण आलंय," रंगारी वाकून म्हणाला. "रंगाच्या दुकानातल्या काकू."

ते ऐकल्याबरोबर तिचे डोळे उघडले. सुई टोचलेला हात तिने चाचपडत पुढे केला आणि काकूंचं मनगट घट्ट धरलं.

"काकू," तिचा आवाज जेमतेम फुटत होता, "हा आता माझ्या आजारपणाचं सांगून पैसे मागेल. देऊ नका हं."



"नाही देत गं त्या," पायथ्याशी उभा राहून रंगारी म्हणाला. "मी मागून बघितलेत."