दोघांपुरती होडी

“पाय सरळ ठेव,” म्हणत जयवंत तारींनी बायकोच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप धरली. घरामागच्या फणसाखाली ते स्वतःच्या हातांनी शिडाची होडी बांधत होते आणि कॉकपिटमधली, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या खोलगट जागेतली, शालनची बैठक तिच्याच मापाची हवी होती. मालवणहून गोव्यापर्यंत दोघांनीच जायचं ठरलं होतं. सुकाणू शालन धरणार होती.

दिवाळीच्या सुमारास तिच्या हातातून पेला निसटू लागला. स्नायू झिजत जातील, यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जयवंतांनी सुकाणूचा दांडा आपल्या बाजूला वळवून घेतला. मग तिची मान टिकेना, म्हणून तिच्या बैठकीला उंच पाठ लावली. माघात तिला बसणंही जमेनासं झालं, तेव्हा त्यांनी समोरासमोरच्या दोन्ही बैठका उखडल्या आणि कॉकपिटभर एक रुंद फळी बसवली. त्यावर गादी घातली.

शेजाऱ्याच्या मदतीने त्यांनी तिला उचलून तिथे निजवलं. शालनने हळूहळू नजर फिरवली. आता तिचे शब्द फक्त त्यांनाच कळत.

“छान झालंय,” ती म्हणाली. “पण तुम्ही कुठे बसणार?”

जयवंतांनी पाहिलं. सुकाणूपाशी टेकायलाही जागा उरली नव्हती. इतके दिवस रंधा मारताना हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, हे त्यांना कळेना. की आलं होतं?

“मी आहे ना इथे,” ते म्हणाले, आणि होडीबाहेर, जमिनीवर उभे राहून तिचा हात धरून राहिले.