डावा खांदा

बाविसाव्या वर्षी इंद्रजितची उंची वाढू लागली. खुंटलेल्या वाढीवर तो वर्षभर संप्रेरकाचं इंजेक्शन घेत होता. ते प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेल्या, कुणा मृत तरुणाच्या ग्रंथीतून यायचं. सगळे शर्ट तोकडे पडले, तेव्हा त्याचे पाय आपसूक एका अनोळखी गल्लीतल्या शिंप्याकडे वळले.

म्हाताऱ्या पोरेकाकांनी खांद्याचं माप घेतलं आणि टेप तशीच धरून ठेवली.

"डावा पाऊण इंच खाली. लहानपणापासून?"

"नाही काका, यंदाच उतरलाय."

काकांनी कपाटातून बिनबटणांचा शर्ट काढला. तो त्याला तंतोतंत बसला.

"माझ्या लेकाचा. देहदान केलं त्याचं. बटणं तेवढी लावायची राहिली."

"कॉलर काचतेय, आप्पा," इंद्रजित म्हणाला.

त्याने आजवर कुणालाच आप्पा म्हटलं नव्हतं.