श्रीरंगची चाल

वर्षभरानं घरी येताना श्रीरंगनं मुद्दाम हाक मारली नाही. आईची नजर गेली होती, पण ती त्याला पावलांवरून बरोबर ओळखायची. नेहमीसारखा डावा पाय फरफटत तो जिना चढला.

मागून पोस्टमनही तसाच फरफटत आला. परवा तर एका लग्नात नवरा-नवरी सप्तपदीसुद्धा तशीच चालले. तोल सावरणाऱ्या कमरेच्या पट्ट्याला चालणं शिकवायला नमुन्यादाखल माणसं मिळेनात, म्हणून प्रयोगशाळेत श्रीरंगनं स्वतःचीच चाल त्यात भरली होती. आता गावात कुणी पडत नव्हतं, पण पट्टा बांधून सगळे श्रीरंगसारखेच चालत होते.

"गॅसवाला ना? ठेव सिलिंडर तिथंच," आई आतून म्हणाली. "आधी हा पाय वाजला की पोरगा आला म्हणून दाराकडं धावायचे रे. आता नाही फसत."