दोन खुणा

आठ दिवसांत पोर चारशे ग्रॅमनं उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावरून उचललं आणि कामिनीला विचारलं, "पाजता ना?"

"पाजते."

"नुसती तोंडाशी धरते," सासू कमलबाई मधेच बोलल्या. सोनगीरहून धुळ्याला येईपर्यंत त्यांनी सुनेला हेच ऐकवलं होतं. अळीवाची खीर झाली, मेथीचे लाडू झाले, तरी नात रडून रडून थकायची आणि उपाशीच झोपायची. बांधा बिघडेल म्हणून सून पाजत नाही, असं त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला. कमलबाई नातीला घेऊन आतच उभ्या राहिल्या. तपासता तपासता डॉक्टरीणबाईंचा हात थांबला.

"या टाक्यांच्या खुणा कशाच्या?"

"गाठ होती," पडद्याबाहेरून हेमराज घाईनं म्हणाला. "लग्नानंतर काढली."

"दोन्हीकडे?"



"गाठ नव्हती," कामिनी म्हणाली. "ऑपरेशन करून छाती भरून घेतली. यांनीच नाशिकला नेलं होतं."

"त्यात दुधाच्या नळ्या कापल्या गेल्या असतील. येतं तेवढं पाजत राहा, वरून पावडरचं द्या. पुरेसं दूध येईल असं मी सांगू शकत नाही."

नाशिकहून दोघं देवदर्शन करून आले, असंच कमलबाईंना ठाऊक होतं. आल्यावर पंधरा दिवस सुनेला हंडा उचलता येत नव्हता. तेव्हा त्यांनी तिला कामचोर म्हटलं होतं.

त्यांनी नातीला सुनेच्या हातात दिलं आणि लेकाला दंडाला धरून व्हरांड्यात ओढलं.

"हाई खूळ तुन्हा डोकाम्हा कोनी घालं रे?"

पोरीला छातीशी धरून कामिनी मागोमाग आली होती. तिनंच सांगितलं. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"आई, लग्नाचा बस्ता घ्यायला गेलो होतो ना, तेव्हा तुम्ही दुकानदाराला म्हणालात, ब्लाउजपीस अर्धाच फाडा, एवढ्यात हिचे दोन होतील."

कमलबाईंना ते दुकान आठवलं. गादीवर दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं बसली होती. सगळे पोट धरून हसले होते. खाली बघत कामिनीही हसली होती.

एकटा हेमराज हसला नव्हता.