आतली कडी

फवारणीचं औषध पिलेल्या धनलक्ष्मीला १०८च्या गाडीत मीच वाचवलं. ती दवाखान्यातून सुटताना तिच्या सासूला बजावलं, "अक्का, परत कोंडून घेईल ती. खोलीची आतली कडी काढून टाका."

जीव द्यायला गेली म्हणून पोलिसांनी तिच्यावरच केस घातली. महिन्याने मी मोफत केस लढणाऱ्या वकीलबाईंना घेऊन तिच्या घरी गेले.

"औषध कामून पिलीस गं?" घरच्यांना बाहेर पाठवून बाईंनी तिला विचारलं.

"मालक पुण्याला बांधकामावर. समदे रानात गेले की थोरला दीर दार वाजवायचा. मी कडी लावून बसायची."

"आता थांबला का त्यो?" मी विचारलं.

दारावर कडीच्या जागी खिळ्यांची चार भोकं होती. तिकडंच बघत ती म्हणाली, "दार वाजवायचा थांबलाय, सिस्टर."