दहा मिनिटं पुढे

"आबांचं हृदय आमच्या सर्व्हरवर विश्वास ठेवत नाहीये," कृत्रिम हृदयं बनवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर मंजिरी फोनवर म्हणाली. "त्यांच्या मनगटावरच्या पट्टीवर काय दिसतंय?"

"'प्रमाणपत्राची मुदत संपली,'" वैजयंतीने वाचलं. सासऱ्यांचे ओठ निळे पडत चालले होते. "आणि खाली लिहिलंय, राखीव वेळ अकरा मिनिटं, मग हृदय बंद."

"मुदत कशी संपेल? सर्व्हरची ओळख पटवणारं नवं प्रमाणपत्र दर पाच मिनिटांनी पाठवतोय आम्ही, पाच मिनिटांपुरतं. पट्टीवर वाजलेत किती?"

"बारा एकवीस."

"माझ्याकडे बारा अकरा. कोणी घड्याळ पुढे केलंय?"

वैजयंतीने भिंतीकडे पाहिलं. तिथलं घड्याळही दहा मिनिटं पुढे होतं. या घरातलं प्रत्येक घड्याळ तसंच होतं. आबांनी तीस वर्षं बसस्थानकावर गाड्या वेळेवर सोडल्या होत्या.

"आबा, यालाही हात लावलात?"

"माणसानं पुढंच असावं," आबा कसेबसे म्हणाले.

तिने पट्टीवरची वेळ दहा मिनिटं मागे घेतली. लाल दिवा गेला, हिरवा लागला. आबांच्या ओठांवर हळूहळू रंग आला, तसं तिला रडूच फुटलं.

"सुटलो!" मंजिरी म्हणाली. "थांबा. तुमच्याच गावातल्या आणखी सहा हृदयांचा संपर्क तुटलाय. कोणीच फोन उचलत नाहीये."

आबांनी डोळे उघडले. "कट्ट्यावरचे माझे दोस्त असतील. मघाशी तिथून निघताना सगळ्यांच्या पट्ट्यांवरची घड्याळं मीच दहा मिनिटं पुढं लावून दिली." त्यांना दम लागला. "अन् कट्ट्यावर फोन आणायचा नाही, हा नियमही माझाच."